थांबलेल्या पोरांची फायनल : मिशिगन वि. वॉशिंग्टन, ८ जानेवारी २०२४

हुरॉनकाठ | २६ एप्रिल २०२४

काल रात्री डेट्रॉइटमध्ये एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीगचा, ड्राफ्ट (कॉलेजमधून नवे खेळाडू निवडणं) सुरू झाला. आठव्या क्रमांकावर अटलांटाने मायकेल पेनिक्सला घेतलं, नवव्यावर शिकागोने रोम ओडुन्झेला, दहाव्यावर मिनेसोटाने जे. जे. मॅकार्थीला. लागोपाठ तीन नावं, आणि साडेतीन महिन्यांपूर्वी हे तिघं ह्यूस्टनच्या एनआरजी स्टेडियममध्ये एकाच सामन्यात खेळत होते. पहिले दोघे सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे, तिसरा आमच्या मिशिगन विद्यापीठाचा. त्या सामन्यावर मराठीत नीट काही लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हा धागा.

आधी पार्श्वभूमी. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या गटात वर्षानुवर्षं फायनल अशी नव्हतीच. वेगवेगळ्या शहरांत नववर्षाच्या सुमारास ‘बोल’ सामने व्हायचे आणि मग पत्रकार व प्रशिक्षक मतदान करून पहिला नंबर ठरवायचे. दोघांची मतं जुळली नाहीत तर विजेते दोन. पहिला विरुद्ध दुसरा असा ठरवून सामना लावायची पक्की व्यवस्था १९९८ च्या मोसमापासून सुरू झाली आणि २०१४ पासून चार संघांचा प्लेऑफ (सेमीफायनल आणि फायनल) आला. या एवढ्या काळात मिशिगनही कधी फायनलला पोचलं नव्हतं आणि वॉशिंग्टनही. मिशिगन म्हणजे २०२३ च्या नोव्हेंबरात १००० विजय पूर्ण करणारा कॉलेज फुटबॉलमधला पहिला संघ. एवढा जुना, एवढा मोठा, १,०७,६०१ माणसं बसतील असं स्टेडियम घरचं, आणि फायनल एकदाही नाही! २०२१ च्या सेमीफायनलमध्ये जॉर्जियाने ३४-११ असं चेपलं, २०२२ मध्ये टीसीयूने (टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठ) ५१-४५ असं हरवलं. वॉशिंग्टन २०१६ मध्ये सेमीफायनलला अलाबामाकडून २४-७ हरलं होतं.

दोघांचा जुना हिशोबही होता. मिशिगनचं आधीचं राष्ट्रीय विजेतेपद १९९७ चं, नेब्रास्काबरोबर वाटून घेतलेलं. वॉशिंग्टनचं १९९१ चं, मायामीबरोबर वाटून घेतलेलं. आणि १९९१ च्या त्या मोसमाचा शेवट वॉशिंग्टनने केला तो रोझ बोलमध्ये मिशिगनला ३४-१४ हरवून. त्या दिवशी मिशिगनकडून डेझमंड हॉवर्ड खेळत होता, त्या वर्षीचा हाइझमन (सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार) विजेता. आमच्याकडचे जुने लोक तो सामना अजून विसरलेले नाहीत.

ह्यूस्टनला दोन्ही संघ १४-० असे आले होते. मिशिगनने सेमीफायनलमध्ये अलाबामाला ओव्हरटाइममध्ये २७-२० हरवलं. शेवटच्या चौथ्या डाउनला (पुढे सरकायला चारच डाउन, म्हणजे संधी, मिळतात) गोलरेषा तीन यार्डांवर असताना त्यांचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) जेलन मिल्रो स्वतः बॉल घेऊन घुसला आणि आमच्या लाइनने, म्हणजे पुढच्या फळीने, त्याला तिथंच गाडलं. वॉशिंग्टनने टेक्ससला ३७-३१ हरवलं, त्यात त्यांचा क्वार्टरबॅक पेनिक्सचे पासमधून ४३० यार्ड. वॉशिंग्टन सलग २१ सामने जिंकून आलं होतं.

आता मला जे म्हणायचंय ते. या सामन्याबद्दल बोलताना लोक ‘मिशिगनचा दम विरुद्ध पेनिक्सचा हात’ एवढंच बोलतात. माझ्या मते ही फायनल घडली ती २०२२ चा डिसेंबर आणि २०२३ चा जानेवारी या दोन महिन्यांत. तेव्हा दोन्ही संघांतल्या चांगल्या चांगल्या खेळाडूंना व्यावसायिक फुटबॉलमध्ये जाता येत होतं, आणि ते गेले नाहीत.

पेनिक्स थांबला. ओडुन्झे थांबला, जेलन मॅकमिलन थांबला. आमचा ब्लेक कोरम २०२२ मध्ये देशातल्या सर्वोत्तम रनिंग बॅकपैकी (बॉल घेऊन पळणारे) एक होता. नोव्हेंबरात इलिनॉयविरुद्ध त्याचा गुडघा गेला, ऑपरेशन झालं, ओहायो स्टेट आणि टीसीयूविरुद्ध तो कामाला येऊ शकला नाही. तोही थांबला. लाइनमधले झॅक झिंटर आणि ट्रेव्हर कीगन, रिसीव्हर कॉर्नेलियस जॉन्सन थांबले. माइक सेनरिस्टिल तर आधी पास पकडणारा रिसीव्हर होता. २०२२ मध्ये त्याला बचावात हलवलं, आणि पाचव्या वर्षी तो पुन्हा आला. हैतीत जन्मलेला मुलगा, मिशिगनचा कर्णधार.

थांबणं सोपं नसतं. या खेळात रनिंग बॅकचं आयुष्य मोजकं असतं. प्रत्येक जास्तीचा मोसम म्हणजे गुडघ्यांवर शेकडो घाव, आणि पुढच्या करारातून तेवढे पैसे वजा. तरी ही पोरं राहिली, कारण आदल्या वर्षीचं अपुरं राहिलेलं त्यांना पुरं करायचं होतं.

सामना थोडक्यात सांगतो. सुरुवातीलाच आमचा दुसरा रनिंग बॅक डॉनोव्हन एडवर्ड्स ४१ यार्ड पळून गेला. थोड्या वेळाने ४६ यार्ड. दोन टचडाउन (बॉल गोलरेषेपार, जादा किकसह सात-सात गुण). पूर्ण मोसम त्याच्या नावावर फारसं काही नव्हतं, लोक त्याला विसरले होते. मग कोरमची ५९ यार्डांची एक धाव आणि फील्ड गोल (किक मारून तीन गुण), १७-३. तेव्हा वाटलं, झालं. पण दुसऱ्या क्वार्टरला आम्ही चौथ्या डाउनवर अडकलो, बॉल त्यांच्याकडे गेला, आणि पेनिक्सने मॅकमिलनला ३ यार्डांचा टचडाउन पास दिला. मध्यंतराला १७-१०.

उत्तरार्धाच्या पहिल्याच खेळीला आमच्या बचावातल्या विल जॉन्सनने पेनिक्सचा पास मध्येच पकडला. माझ्या लेखी सामना फिरला तो तिथे. त्यातून आम्हाला फील्ड गोल मिळाला, त्यांनीही एक केला, २०-१३. आणि तिथं स्कोअर बराच वेळ अडकून राहिला. शेवटची साधारण सात मिनिटं उरली असताना आमच्या कोल्स्टन लव्हलँडने ४१ यार्डांचा पास घेतला, पाठोपाठ कोरमने १२ यार्डांवरून टचडाउन केला. मग सेनरिस्टिलने पेनिक्सचा पास मध्येच पकडला आणि ८१ यार्ड घेऊन पळाला, अगदी आठ यार्डांच्या रेषेपर्यंत. कोरमने पुन्हा आत नेला. ३४-१३.

कोरम २१ धावांत १३४ यार्ड. एडवर्ड्स फक्त ६ धावांत १०४. संघाचे धावून ३०३ यार्ड, आणि आमचा क्वार्टरबॅक मॅकार्थीने पास दिले एकूण १८, त्यातले पोचले १०. समोर पेनिक्सला ५१ पास टाकावे लागले.

१५-०. मिशिगनच्या इतिहासात एका मोसमात १५ विजय पहिल्यांदाच. कुणाबरोबर वाटून न घेतलेलं विजेतेपद १९४८ नंतर पहिलं.

---

पावसाळी_सिएटल | २६ एप्रिल २०२४

हुरॉनकाठ, मनापासून लिहिलंय, आवडलं. पण आमच्या बाजूने काही गोष्टी मांडल्याच पाहिजेत.

एक म्हणजे ३४-१३ बघून लोकांना वाटतं एकतर्फी झाला. शेवटची सात मिनिटं उरेपर्यंत फरक सातच गुणांचा होता! एक टचडाउन, बरोबरी. दुसऱ्या क्वार्टरला चौथ्या डाउनवर ओडुन्झे मोकळा होता, त्याच्याभोवती कुणी नव्हतं, आणि पास चुकला. तो पेनिक्सने वर्षभरात डोळे मिटून दिला असता. तो बसला असता तर पुढचा सामना वेगळा दिसला असता, हे मी आजही म्हणेन.

दुसरं, डिलन जॉन्सन. आमचा मुख्य रनिंग बॅक टेक्ससविरुद्ध शेवटच्या मिनिटांत जखमी झाला होता. फायनलला तो त्याच दुखऱ्या पायाने उतरला, पडत होता, उठत होता. आम्ही धावून केले एकूण ४६ यार्ड. धावायची भीती नसेल तर मिशिगनच्या बचावाला काय, सगळं लक्ष पासवर. पेनिक्स स्वतः उत्तरार्धात कूस धरून चालत होता.

आणि पेनिक्सबद्दल तुम्ही दोन ओळी लिहिल्यात, तो त्याहून जास्त मागतो. इंडियाना विद्यापीठात त्याची चारही वर्षं दुखापतीने अर्ध्यावर संपली. २०१८ ला गुडघ्याचा लिगामेंट, २०१९ ला खांद्याजवळचा सांधा, २०२० ला पुन्हा तोच गुडघा, २०२१ ला दुसरा खांदा. चार वर्षं, चार वेळा. असा मुलगा खेळ सोडतो. तो आमच्याकडे आला, कारण २०१९ मध्ये इंडियानात त्याला शिकवणारे केलन डीबोर आमचे मुख्य प्रशिक्षक झाले होते. २०२१ मध्ये आम्ही ४-८ होतो हो. चार विजय! पुढच्या वर्षी ११-२, त्याच्या पुढच्या वर्षी १४-१. हाइझमनच्या मतदानात पेनिक्स दुसरा आला.

इथे आमच्याकडे बऱ्याच मराठी घरांत फुटबॉल कुणी पाहत नसे. कामासाठी आलेले लोक, क्रिकेट पाहणारे. त्या मोसमात शनिवारी मुलांच्या अंगात जांभळे शर्ट दिसायला लागले, आयांना ओडुन्झेचं नाव पाठ झालं. हस्की स्टेडियमला लागून लेक वॉशिंग्टन आहे, लोक होड्या नांगरून तिथं सामन्याआधी जेवतात. एकदा बघायला या.

---

नवा_प्रेक्षक_पुणे | २७ एप्रिल २०२४

माझी भाची अॅन आर्बरला, मिशिगन विद्यापीठाच्या गावी, शिकते, तिच्यामुळे हा धागा उघडला. आमच्याकडे तेव्हा ९ जानेवारीची सकाळ होती, सहाला सामना सुरू झाला आणि ती फोनवर ओरडत होती एवढंच आठवतंय.

प्रामाणिक प्रश्न विचारतो. कॉलेजच्या मुलांच्या सामन्याला एवढं महत्त्व का? आणि पाचवं वर्ष, सहावं वर्ष म्हणजे काय, हे विद्यार्थी नापास होतात का? पदवी तर चार वर्षांची ना?

---

हुरॉनकाठ | २७ एप्रिल २०२४

अगदी योग्य प्रश्न.

नापास नाही. नियम असा की खेळाडूला पाच वर्षांच्या मुदतीत चार मोसम खेळता येतात. दुखापतीने वर्ष वाया गेलं तर कधी कधी मुदत वाढते. त्यात २०२० चा करोनाचा मोसम कुणाच्याच हिशोबात धरला नाही, म्हणजे सगळ्यांना एक वर्ष फुकट मिळालं. पेनिक्स कॉलेजात आला २०१८ ला आणि फायनल खेळला २०२३ च्या मोसमाची. सहावं वर्ष. बरेच जण मधल्या काळात पदवी घेऊन पुढच्या अभ्यासक्रमात असतात.

शाळा संपून तीन वर्षं झाली की एनएफएलमध्ये जाता येतं. पूर्वी चांगला खेळाडू तीन वर्षांत निघून जायचा, कारण कॉलेजात पगार नाही आणि तिकडे कोट्यवधी. १ जुलै २०२१ पासून हे बदललं. खेळाडूला स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून पैसे कमवायची परवानगी मिळाली. जाहिराती, सह्या, माजी विद्यार्थ्यांनी उभे केलेले निधी. म्हणजे कोरमसारख्या मुलाला राहणं परवडायला लागलं. मी वर ‘अपुरं पुरं करायचं होतं’ लिहिलं ते खरंच आहे, पण खिशात काही असल्याशिवाय घरच्यांना ते समजावता येत नाही, हेही खरं. बहुतेक पोरं साध्या घरांतली असतात.

महत्त्व का, तर इथे अनेक राज्यांत व्यावसायिक संघच नाही. विद्यापीठ हाच त्या राज्याचा संघ. आजोबा तिथं शिकले, बाप शिकला नाही तरी सामना पाहतो. मिशिगनमध्ये गाड्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या कितीतरी लोकांनी विद्यापीठात पाऊल टाकलेलं नसतं, आणि शनिवारी त्यांच्या दारात निळापिवळा झेंडा असतो. मी इथं नोकरीला आलो तेव्हा शेजाऱ्यांशी पहिलं बोलणं झालं ते याच विषयावर.

---

रेषेवरचा | २७ एप्रिल २०२४

शाळेत असताना मी इथं दोन वर्षं लाइनमध्ये खेळलोय, म्हणून माझं लक्ष तिकडेच असतं. सगळे पेनिक्स, कोरम बोलतात. सामना ठरला पुढच्या पाच विरुद्ध चार-पाच जणांत.

एक गंमत लक्षात घ्या. देशातल्या सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनला (आक्रमणातली पुढची फळी) ‘जो मूर’ नावाचा पुरस्कार मिळतो. २०२१ आणि २०२२ ला तो मिशिगनला मिळाला. २०२३ ला कुणाला? वॉशिंग्टनला! म्हणजे फायनलमध्ये एका बाजूला आधीचे विजेते आणि दुसऱ्या बाजूला ताजे. आणि त्या रात्री मिशिगनची लाइन भारी पडली, तीही जखमी झिंटरशिवाय.

एडवर्ड्सच्या दोन्ही धावा परत बघा. आधी दिसते ती रस्सीखेचीत एक बाजू सरकायला लागली की दिसते तशी सरक, सगळी लाइन एका दिशेला. मग तो मागे कापून मोकळ्या जागेत निघतो. वॉशिंग्टनचे बचावपटू प्रवाहाबरोबर वाहून गेलेले, मागे कुणी नाही.

दुसऱ्या बाजूला मिशिगनचा बचाव प्रशिक्षक जेसी मिंटरच्या पोरांनी पेनिक्सवर जास्तीची माणसं सोडून हल्ला क्वचितच केला. चार जणांनीच दाब आणला, सात मागे राहिले. स्नॅपच्या (बॉल मागे देऊन खेळी सुरू होण्याच्या) आधी एक रचना दाखवायची, बॉल सुटला की दुसरीच. पेनिक्सचा सगळा खेळ म्हणजे पुढे काय होणार ते आधी ओळखून लांब फेकणं. लांब फेकायला जागाच ठेवली नाही. ५१ पास आणि २५५ यार्ड, म्हणजे दर पासमागे पाच यार्ड. या आकड्यात सगळा सामना आहे.

---

स्पष्ट_बोलतो | २८ एप्रिल २०२४

सगळं ठीक, पण चोरीचं कुणी बोलतच नाही? मिशिगनचा एक कर्मचारी माणसं पाठवून पुढच्या प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांत त्यांचे प्रशिक्षक मैदानाबाहेरून करतात त्या खुणा टिपून घेत होता. प्रशिक्षकावर बंदी आली. अशा संघाच्या विजेतेपदावर एवढं भावुक होऊन लिहायचं?

---

हुरॉनकाठ | २८ एप्रिल २०२४

बोलतो, टाळायचं कारण नाही.

समोरच्या प्रशिक्षकाच्या खुणा मैदानात बघून ओळखणं नियमाबाहेर नाही, सगळे करतात. पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या सामन्याला माणूस पाठवून टेहळणी करणं १९९४ पासून बंद आहे. त्या कर्मचाऱ्यावर, कॉनर स्टॅलियन्सवर, आरोप होता तो याचा. प्रकरण ऑक्टोबर २०२३ मध्ये बाहेर आलं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याने राजीनामा दिला, आणि बिग टेनने (आमचा संघ ज्या परिषदेत, म्हणजे विद्यापीठांच्या गटात, खेळतो ती) मुख्य प्रशिक्षक जिम हारबॉला नियमित मोसमातल्या शेवटच्या तीन सामन्यांना मैदानावर यायला मनाई केली. मोसमाच्या सुरुवातीचे तीन सामनेही तो नव्हता, ते करोना काळातल्या भरतीच्या नियमांवरून, विद्यापीठानेच बसवलेले. १५ पैकी ६ सामने मुख्य प्रशिक्षक मैदानावर नाही. एनसीएएनेही (कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संस्था) चौकशी सुरू केली. जे झालं ते चूक होतं आणि त्याची शिक्षा झाली पाहिजे, असं माझं स्वच्छ मत आहे.

पण हे प्रकरण उघड झाल्यावर प्रत्येक संघाने खुणा बदलल्या. त्यानंतर मिशिगनने पेन स्टेटला त्यांच्या घरी हरवलं, उत्तरार्धात जवळजवळ नुसतं धावून. मग ओहायो स्टेटला ३०-२४, आयोवाला २६-०, अलाबामाला, वॉशिंग्टनला. आणि धाव घेताना समोरच्याला माहीत असतं की हे धावणारच आहेत. पेन स्टेटलाही माहीत होतं. त्यात चोरायचं काय असतं?

या महिन्यात एनसीएएने हेल्मेटमध्ये रेडिओ बसवायला मान्यता दिली आहे. आता प्रशिक्षक थेट खेळाडूच्या कानात बोलेल. हे दहा वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं.

---

स्पष्ट_बोलतो | २८ एप्रिल २०२४

उत्तर दिलंत, बरं वाटलं. माझं मत बदललेलं नाही. विजेतेपद खरं असेल, डाग पण खरा आहे.

---

फिजिओ_ताई | २९ एप्रिल २०२४

मी फिजिओथेरपिस्ट आहे, खेळाडूंचे गुडघे हे माझं रोजचं काम. ‘थांबलेली पोरं’ वाचताना मला दुसरीच यादी आठवत होती.

झॅक झिंटर थांबला. २५ नोव्हेंबर २०२३ ला ओहायो स्टेटविरुद्ध त्याच्या पायाची दोन्ही हाडं मोडली, नडगीची आणि बाजूचं. गाडीवरून त्याला बाहेर नेलं. पुढच्याच खेळीला कोरम २२ यार्ड पळून टचडाउन करून आला आणि बोटांनी ६५ हा आकडा दाखवला, झिंटरचा नंबर. ते दृश्य सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. मी मात्र विचार करत होते की हा मुलगा आदल्या वर्षी गेला असता तर. परवा त्याला क्लीव्हलँडने तिसऱ्या फेरीत घेतलं. पाय जुळला, संधी मिळाली, नशीब.

जॉर्डन ट्रॅव्हिस आठवतोय का? फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक, तोही थांबलेलाच. १८ नोव्हेंबरला पाय मोडला. संघ १३-० राहिला, आपल्या परिषदेचा विजेता झाला, आणि निवड समितीने त्यांना प्लेऑफमधून वगळलं, कारण क्वार्टरबॅक नाही. त्यांच्या जागी अलाबामा. मोठ्या परिषदेचा अपराजित विजेता चारांत नाही, हे त्याआधी कधी झालं नव्हतं. ट्रॅव्हिसने तेव्हा जाहीरपणे म्हटलं की माझा पाय आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, म्हणजे संघ माझ्याशिवाय काय आहे ते लोकांना दिसलं असतं. तेविशीतल्या मुलाला हे बोलावंसं वाटावं! मला ते वाचून फार त्रास झाला होता.

पेनिक्सचं कौतुक मीही करते. गुडघ्याचा लिगामेंट जोडून परत पूर्ण जोरात खेळायला नऊ महिने ते वर्ष जातं, तेही सगळं नीट झालं तर. त्याने एकाच गुडघ्याचं ते दोनदा केलं. त्यामागे रोज किती तास कुठल्या वेदनेत गेले असतील ते मला समजतं. पण जिंकलेल्यांकडे बघून ‘थांबा, फळ मिळेल’ असं कुणी आपल्या मुलाला सांगू नये.

---

पावसाळी_सिएटल | २९ एप्रिल २०२४

फिजिओ_ताई, शंभर टक्के पटलं. आदल्या वर्षीच गेला असता तर ड्राफ्टमध्ये वर निवडला गेला असता, अशी उदाहरणं आमच्याही संघात आहेत.

आणि पोरं थांबली, पण बाकी कोण थांबलं? ८ जानेवारीला सामना. १० ला अलाबामाच्या मुख्य प्रशिक्षकाने, निक सेबनने, निवृत्ती जाहीर केली. १२ ला डीबोर अलाबामाला गेले. चार दिवस. पोरांच्या अंगावरचे वळ गेले नव्हते. महिना संपायच्या आत हारबॉ एनएफएलमधल्या लॉस एंजेलिस चार्जर्सला गेला. तो स्वतः मिशिगनचा माजी क्वार्टरबॅक, तरी गेला. मी त्यांना दोष देत नाही, प्रत्येकाची कारकीर्द असते. पण मुलांकडून निष्ठा मागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

त्यात आमची परिषदच मोडली. १९१५ पासूनची परंपरा असलेली पॅक-१२. आधी लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं, यूएससी आणि यूसीएलए, निघाली, मग कोलोरॅडो, मग २०२३ च्या ऑगस्टमध्ये आम्ही आणि ऑरेगन, पाठोपाठ बाकीचे. टीव्हीचे पैसे, दुसरं काही नाही. मागे उरले वॉशिंग्टन स्टेट आणि ऑरेगन स्टेट दोघंच. म्हणजे त्या फायनलला आम्ही उतरलो ते एका मोडलेल्या घराचे शेवटचे विजेते म्हणून. ऑरेगनला त्या मोसमात दोनदा हरवलं, ३६-३३ आणि ३४-३१. त्या जुन्या परिषदेचा शेवटचा करंडक आमच्याकडे आहे, त्याचा अभिमान आहे. आणि आम्ही ती मोडायला हातभार लावला, त्याची खंतही आहे.

---

ह्यूस्टनवासी | ३० एप्रिल २०२४

मी स्टेडियममध्ये होतो, कंपनीतल्या एका मिशिगनवाल्याबरोबर. ७२ हजारांवर लोक होते. निळे जास्त, जांभळे कमी, पण २०-१३ असताना आवाज जांभळ्यांचाच जास्त होता. मला दोन्ही संघांशी काही देणंघेणं नव्हतं. सेनरिस्टिल पळत सुटला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ रडत होते, शेजारचा अनोळखी माणूस त्यांना धरून उभा होता.

रेषेवरचा, तुमचं एडवर्ड्सबद्दलचं वाचून पुन्हा पाहिलं. अगदी तसंच आहे. वरून बघताना ती मोकळी जागा त्याच्या आधी आम्हाला दिसली होती.

---

रेषेवरचा | १ मे २०२४

ड्राफ्ट संपला. मिशिगनचे १३ खेळाडू निवडले गेले, वॉशिंग्टनचे १०. दोन संघांतून २३. सेनरिस्टिल दुसऱ्या फेरीत, कोरम तिसऱ्या. हुरॉनकाठ, तुमच्या मुद्द्याला याहून मोठा पुरावा नको.

---

पावसाळी_सिएटल | ६ ऑक्टोबर २०२४

धागा वर आणते आहे! काल रात्री आम्ही मिशिगनला हरवलं, २७-१७, हस्की स्टेडियममध्ये. आता आम्ही दोघंही बिग टेनमध्ये, त्यामुळे नऊ महिन्यांत पुन्हा गाठ पडली.

जानेवारीत दिसलेले चेहरे दोन्हीकडे मोजकेच. आमचा क्वार्टरबॅक विल रॉजर्स मिसिसिपी स्टेटमधून आलेला. रनिंग बॅक जोना कोलमन नव्या प्रशिक्षकांबरोबर अॅरिझोनातून आलेला. ही पोरं मनापासून खेळली, आणि मी आनंदाने ओरडले. जानेवारीची भरपाई मात्र नाही झाली, ती वेगळी माणसं होती.

आणि कालच डीबोरांचं अलाबामा, देशातलं पहिल्या क्रमांकाचं, व्हॅन्डरबिल्टकडून ४०-३५ हरलं.

---

हुरॉनकाठ | ६ ऑक्टोबर २०२४

अभिनंदन. चौथ्या क्वार्टरला तुम्ही चांगले होतात. आमच्याकडे क्वार्टरबॅकच ठरत नाहीये, सामन्यात मध्येच बदलावा लागला. दोघंही आता ४-२. मॅकार्थीची किंमत आता कळते. त्या फायनलला १८ पास टाकले म्हणून लोक त्याला नावं ठेवत होते.

---

नवा_प्रेक्षक_पुणे | २१ जानेवारी २०२५

आता मी नियमित पाहतो! आज सकाळी ओहायो स्टेटने नोटर डेमला ३४-२३ हरवलं. हुरॉनकाठ, तुमच्या कट्टर शत्रूंनी तुमचंच सूत्र वापरलं की. त्यांचे एग्बुका, हेंडरसन, सॉयर, तुइमोलोआउ, सगळे २०२३ च्या मोसमानंतर एनएफएलला जाऊ शकत होते. मिशिगनला हरवायचं राहिलंय म्हणून थांबले.

---

हुरॉनकाठ | २१ जानेवारी २०२५

हो. आणि मिशिगनला ते याही वर्षी हरवू शकले नाहीत, ३० नोव्हेंबरला त्यांच्याच घरी १३-१० आम्ही जिंकलो. पण विजेतेपद त्यांचं आहे आणि ते त्यांनी कमावलं. सॉयरने टेक्ससविरुद्ध बॉल उचलून जी धाव घेतली ती चार वर्षं एकाच संघात घाम गाळलेल्या मुलाची होती. मला ते मान्य करायला जड जात नाही.

---

पावसाळी_सिएटल | २१ जानेवारी २०२५

एक मुद्दा राहतो. ओहायो स्टेटचे दोन पराभव होते, ऑरेगनकडून एका गुणाने आणि तुमच्याकडून. परिषदेच्या फायनललाही ते नव्हते. चार संघांचा प्लेऑफ असता तर ते बाहेर होते. या मोसमापासून बारा संघांचा झाला म्हणून आत आले. आमच्या वर्षी एका पराभवानेही घरी बसायची वेळ येऊ शकत होती. पेनिक्स, ओडुन्झे वर्षभर त्या धाकात खेळले, १४ वेळा जिंकले, त्यातले कितीतरी सामने शेवटच्या मिनिटाला. मला तरी ते जास्त कठीण वाटतं.

---

रेषेवरचा | २२ जानेवारी २०२५

असहमत. बारांत जिंकायला ओहायो स्टेटला शेवटी लागोपाठ चार सामने मोठ्या संघांशी खेळावे लागले. मिशिगनला दोन लागले. मोसमाअखेर लाइनमधल्या मुलांची अवस्था काय असते ते मी पाहिलंय. आठव्या महिन्यापासून पहिल्या महिन्यापर्यंत १६ सामने, एकोणीस-वीस वर्षांची पोरं. या हंगामाच्या लांबीवर कुणीतरी वेगळा धागा काढा, फिजिओ_ताईंनी काढला तर उत्तम.